काट्याला न कळणारी झीज



शिकागो विद्यापीठातला एक छोटासा प्रयोग २०१० साली प्रसिद्ध झाला. आजच्या विषयाची सुरुवात तिथूनच करणे सोयीचे आहे. माणसे फक्त १० होती, वजन थोडे जास्त असलेली, वयाने चाळिशीच्या आसपासची. त्यांना मोजूनमापून कमी आहार दिला आणि तोच आहार १४-१४ दिवसांच्या दोन फेऱ्यांत चालवला. एका फेरीत रोज साडेआठ तास अंथरुणात घालवायची मुभा, दुसऱ्या फेरीत फक्त साडेपाच तास. दोन्ही फेऱ्यांत वजन जवळजवळ सारखेच, सुमारे ३ किलो घटले. संशोधक वजनकाट्यापाशीच थांबले असते, तर झोपेचा आणि वजनाचा काही संबंध नाही असे लिहून मोकळे झाले असते. पण त्यांनी शरीरात मेद किती आणि मेदाव्यतिरिक्त वस्तुमान किती, हेही मोजले. पुरेशा झोपेच्या फेरीत १.४ किलो मेद गेला होता, अपुऱ्या झोपेच्या फेरीत फक्त ०.६ किलो. उरलेली घट कशातून झाली? स्नायू ज्यात मोडतात त्या मेदविरहित भागातून. पुरेशी झोप असताना १.५ किलो, नसताना २.४ किलो. काटा पोत्याचे वजन सांगतो, पण आत धान किती आणि कोंडा किती हे सांगत नाही. आपल्या बाजारात हे कोणाला शिकवावे लागत नाही. शरीराच्या बाबतीत मात्र आपण सगळेच फसतो.

वार्धक्यात किती तास झोपावे आणि वजन किती असावे, असे दोन प्रश्न नेहमी वेगवेगळे विचारले जातात आणि दोन्हींनाही आकड्यात उत्तर हवे असते. उत्तरे आहेतही. अमेरिकेच्या नॅशनल स्लीप फाउंडेशनने २०१५ मध्ये पासष्टीपुढच्यांसाठी ७ ते ८ तास सांगितले, आणि वजनासाठी बीएमआयचे, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचे, तक्ते आहेतच. माझा आक्षेप आकड्यांवर नाही, दोन प्रश्न सुटे ठेवण्यावर आहे. म्हाताऱ्या माणसाची झोप चांगली की वाईट हे त्याच्या स्नायूंच्या अंगाने पाहिले पाहिजे आणि वजनही त्याच अंगाने. तसे पाहिले की कमी झोप आणि जास्त झोप ही एकाच दोषाची दोन टोके राहत नाहीत. कमी झोप स्नायूंच्या झिजेला हातभार लावते. जास्त झोप बहुतेक वेळा आधीच सुरू झालेल्या झिजेची किंवा आजाराची खूण असते. त्यामुळे दोन्हींवर एकच औषध चालत नाही. एवढेच मला आज मांडायचे आहे.

आपल्या बालाघाटसारख्या जिल्ह्यात हा विचार अधिक गरजेचा का, ते आधी सांगतो. झोप आणि वजन यांवरचे बहुतेक लेखन लठ्ठपणाच्या देशांतून येते. तिकडे वजन कमी झाले की अभिनंदन होते. आपल्याकडे चित्र निराळे आहे. मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने हार्वर्ड आणि दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठांबरोबर २०१७-१८ मध्ये पंचेचाळिशीपुढच्या ७२ हजारांहून अधिक भारतीयांची पाहणी केली. साठीपुढच्यांपैकी चौथ्या हिश्शाहून अधिक माणसे कमी वजनाची निघाली, आणि पाचव्या हिश्शाहून अधिक जास्त वजनाची. म्हणजे एकाच गल्लीत दोन्ही म्हातारपणे शेजारीशेजारी राहतात. त्यातही आपल्याकडचा सडपातळपणा फसवा. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटनमधील डॉ. जॉन युडकिन यांचे २००४ साली लॅन्सेटमध्ये छापलेले छायाचित्र वैद्यकविश्वात प्रसिद्ध आहे. दोघांचाही बीएमआय २२.३. युडकिन यांच्या शरीरात मेद ९.१ टक्के, याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. शर्ट घातलेले दोन डॉक्टर सारख्याच अंगाचे दिसतात, पण आतला हिशेब दुपटीहून अधिक फरकाचा. एरवीच हे असे असेल, तर साठीनंतर स्नायू उतरू लागल्यावर काट्यावरचा तोच आकडा किती दिशाभूल करील, याची कल्पना यावी. स्नायू गेले, त्यांच्या जागी पोटावर मेद आला, वजन तेच राहिले, आणि घरचे म्हणतात, “तब्येत बरी आहे, वजन कायम आहे.”

वयाबरोबर होणाऱ्या या झिजेला १९८० च्या दशकाअखेर आयर्विन रोझेनबर्ग यांनी ‘सार्कोपेनिया’ हे नाव दिले. मराठीत स्नायुक्षय म्हटले तरी चालेल. तो ओळखायला यंत्रे आहेत, पण आशियाई तज्ज्ञगटाने २०१९ मध्ये ज्या कसोट्या ठरवल्या त्यांतल्या दोन घरच्या घरी होतात. एक, पिंढरीच्या सर्वांत जाड भागाचा घेर: पुरुषात ३४ सेंटिमीटरपेक्षा कमी, बाईत ३३ पेक्षा कमी असेल तर शंका घ्यावी. दुसरी, खुर्चीची. हात नसलेली साधी खुर्ची भिंतीला टेकवून ठेवायची. माणसाने दोन्ही हात छातीवर घडी घालून बसायचे आणि सांगितल्याबरोबर पूर्ण उभे राहून पुन्हा बसायचे, असे लागोपाठ पाच वेळा. १२ सेकंद किंवा त्याहून अधिक लागले तर मांड्यांची ताकद उणी पडते आहे. करून पाहिले म्हणजे कळते, पहिल्या दोन वेळा कोणीही उठतो. तिसऱ्या खेपेला हात नकळत गुडघ्याकडे जाऊ लागतात, चौथ्याला माणूस झोका घेऊन उठतो. त्या झोक्यात जी माहिती आहे ती कुठल्याही वजनकाट्यात नाही. (जमिनीवर बसून जेवणाऱ्या घरांत तर परीक्षा रोजच होते, फक्त कोणी गुण लिहून ठेवत नाही.)

आता झोपेकडे. ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी २०२१ मध्ये १३ तरुण माणसांना एक रात्र पूर्ण जागे ठेवले. सकाळी जेवणानंतर स्नायूंत नवी प्रथिने बनण्याचा वेग १८ टक्क्यांनी मंदावला, कॉर्टिसोल हे ताणाचे संप्रेरक २१ टक्क्यांनी वाढले आणि टेस्टोस्टेरॉन २४ टक्क्यांनी उतरले. एक रात्र जागरण म्हणजे टोकाची गोष्ट, असे कोणी म्हणेल. म्हणून दुसरा प्रयोग पाहावा. २०२० मध्ये तरुण पुरुषांना पाच रात्री चारच तास झोपू दिले, तेव्हाही स्नायूप्रथिनांची घडण मंदावली. मात्र त्याच काळात ज्यांच्याकडून दमदार व्यायाम करून घेतला त्यांच्यात ती टिकून राहिली. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. भुकेची गोष्टही अशीच. दोन रात्री चार तास झोपवल्यावर तृप्ती कळवणारे लेप्टिन घटले आणि भूक चाळवणारे घ्रेलिन वाढले, हे २००४ मध्येच दिसले होते. उलट बाजूने २०२२ मध्ये कमी झोपणाऱ्या, जास्त वजनाच्या ८० तरुणांपैकी ज्यांची झोप सुमारे सव्वा तासाने वाढवण्यात यश आले, त्यांचे खाणे कोणतेही पथ्य न सांगता रोज सुमारे २७० कॅलरींनी कमी झाले. म्हणजे अपुरी झोप दोन बाजूंनी काम करते: तोंडाकडून मेद वाढवते आणि आतून स्नायूंची बांधणी अडवते.

यावर पहिला रास्त आक्षेप असा की हे सारे प्रयोग तरुणांवरचे आहेत आणि व्याख्यान म्हाताऱ्यांवर आहे. आक्षेप मान्य, पण त्याने युक्तिवाद सैल न होता घट्टच होतो. एव्ह व्हॅन कॉटर यांच्या गटाने १४९ पुरुषांच्या झोपेचा अभ्यास २००० साली मांडला. ऐन तारुण्यात एकूण झोपेच्या १८.९ टक्के असलेली गाढ झोप मध्यमवयात ३.४ टक्क्यांवर आली होती आणि तिच्याबरोबर रात्रीचे वाढसंप्रेरकही ओसरले होते. म्हातारपणी ही शिल्लक मुळातच थोडी. तरुणाला जे पाच रात्री व्यायामाने भरून काढता येते ते सत्तरीतल्या माणसाला सहज जमेल असे मानायला काही आधार नाही. मात्र इथे घाईने भलत्या निष्कर्षावर उडी मारू नये. झोपेबरोबर संप्रेरक घटते, म्हणून संप्रेरकच टोचावे, हाही विचार होऊन गेला आहे. १९९० मध्ये साठीपुढच्या १२ पुरुषांना सहा महिने वाढसंप्रेरक दिले तेव्हा मेद घटला, मेदविरहित वस्तुमान वाढले आणि जगभर तारुण्याच्या सुया विकणाऱ्यांची दुकाने उघडली. पुढच्या काटेकोर चाचण्यांत वस्तुमान वाढले तरी ताकद तितकी वाढली नाही, आणि सांधेदुखी, सूज असे त्रास मात्र आले. स्नायू फुगणे वेगळे आणि खुर्चीतून उठता येणे वेगळे.

जास्त झोपेचे कोडे इथून वेगळे पडते. तैवानमधील पासष्टीपुढच्या लोकांच्या पाहणीत स्नायुक्षय दोन्ही टोकांना, कमी झोपणाऱ्यांत आणि जास्त झोपणाऱ्यांत, अधिक सापडला. कोरियाच्या २००८ ते २०११ च्या राष्ट्रीय पाहणीवर आधारलेल्या अभ्यासात तर नऊ तास किंवा अधिक झोपणाऱ्यांशीच स्नायुक्षयाचा संबंध ठळक दिसला. हे वाचून ‘फार झोपू नका, स्नायू झिजतील’ असा सल्ला काढणे सोपे आहे आणि माझ्या मते चुकीचे आहे. निरोगी म्हाताऱ्यांना मुद्दाम नऊ तास झोपवून स्नायू झिजवल्याचा पुरावा नाही. कमी झोपेच्या बाजूला जशी प्रयोगांची साखळी आहे तशी या बाजूला नाही. उलट दीर्घ झोपेमागे काय काय दडलेले असते ते पाहा: नैराश्य, थायरॉइडचा मंदपणा, थकलेले हृदय, झोपेत श्वास अडखळणे, गोळ्यांची गुंगी, स्मृतिभ्रंशाची सुरुवात. रात्रभर घोरत, दर तासाला अर्धवट जागा होणारा माणूस दहा तास अंथरुणात असतो आणि सांगताना ‘दहा तास झोपतो’ असे सांगतो. पाहण्यांतले आकडे बहुधा असेच, विचारून मिळवलेले. आणि जो दिवसाचे चौदा-पंधरा तास अंथरुण नि खाट यांतच काढतो त्याचे स्नायू झोपेने झिजत नाहीत, न चालल्याने झिजतात. म्हणून घरातला म्हातारा अचानक जास्त झोपू लागला तर त्याला हलवून उठवण्याआधी डॉक्टरकडे नेणे शहाणपणाचे.

संबंध उलट दिशेनेही वाहतो, आणि मला तीच दिशा जास्त आशादायक वाटते. मेद वाढला की तो मानेभोवती आणि जिभेतही साठतो, घशाची वाट अरुंद होते, श्वास अडखळतो आणि झोप मोडते. शरीर थकले, हातपाय चालेनासे झाले की झोपही उतरते. जागतिक आरोग्य संघटनेच्या सहकार्याने आशिया व आफ्रिकेतल्या आठ देशांत पन्नाशीपुढच्या ४० हजारांहून अधिक लोकांची पाहणी २०१२ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यात पुणे जिल्ह्यातले वढू आणि परिसरही होता. एकूण १६.६ टक्के लोकांनी झोपेची गंभीर तक्रार सांगितली, बायकांत ती पुरुषांपेक्षा जास्त. बाकी सगळे घटक चाळून पाहिल्यावर तक्रारीशी सर्वांत चिकटून राहिलेल्या गोष्टी दोनच: शरीराची घटलेली हालचाल-क्षमता, आणि मनाची उदासी व चिंता. आता बॉस्टनला चला. १९९० मध्ये मारिया फियातारोने यांनी वृद्धाश्रमातल्या सरासरी नव्वदीच्या १० माणसांकडून आठ आठवडे वजने उचलून घेतली. मांड्यांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली, मांडीच्या स्नायूचा आकार ९ टक्क्यांनी. त्याच संशोधिकेच्या गटाने १९९७ मध्ये साठीपुढच्या ३२ उदास माणसांपैकी सुमारे निम्म्यांना दहा आठवडे, आठवड्यातून तीनदा असाच व्यायाम दिला तेव्हा त्यांची झोपही सुधारली. स्नायू सुधारले की झोप सुधारते, झोप सुधारली की स्नायू टिकतात. या चक्राला हात कुठून घालायचा, तर जिथून आपल्याला घालता येतो तिथून. झोप हुकमाने येत नाही. उठणे-बसणे हुकमाने होते.

आमचे आजे-पणजे पहाटे चारला उठायचे, रोवणीच्या दिवसांत पाच तासही झोपत नसत, तरी ताठ होते, हा आक्षेप या भागात हमखास येतो. त्यात तथ्याचा अंश आहे. टांझानियातले हाद्झा, नामिबियातले सान आणि बोलिव्हियातले त्सिमाने या विजेविना जगणाऱ्या समाजांची झोप यंत्राने मोजली तेव्हा ती ५.७ ते ७.१ तासच भरली, हे २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. आठ तासांची सक्ती निसर्गाने केलेली नाही, हे खरे. पण ती माणसे दिवसभर पायांवर असतात. आपल्याकडे जे घडते ते वेगळे. बांधीत वाकून पऱ्हे रोवणारी बाई पन्नाशी-साठीपर्यंत भरपूर खपते आणि मग गुडघे धरले, सुना आल्या, यंत्र आले, की एका हंगामात सगळे थांबते. झोप मात्र तीच राहते, तुटक आणि पहाटेची. आधी झोपेची उणीव कामाने भरून निघत होती, व्यायाम केलेल्या त्या तरुणांसारखी. काम सुटल्यावर उणीव उघडी पडते. ताठ असलेले आजोबा आपल्याला आठवतात; जे सत्तरीत मांडीचे हाड मोडून अंथरुणाला खिळले आणि गेले, ते उदाहरण म्हणून कोणी सांगत नाही.

यापेक्षा वजनदार आक्षेप गरिबीचा आहे. झोप ही काय सांगून येणारी गोष्ट आहे? मे महिन्यात टिनाच्या छपराखाली, डासांत, वीज गेलेली असताना कोण गाढ झोपेल? ६८ देशांतल्या ४७ हजारांहून अधिक लोकांच्या मनगटी पट्ट्यांच्या नोंदींवरून २०२२ मध्ये दाखवले गेले की रात्र तापली की झोप घटते आणि वृद्धांत ही घट इतरांच्या दुपटीहून जास्त असते. आपल्या जिल्ह्यातली भरवेलीची मॅंगनीजची खाण आणि मलाजखंडची तांब्याची खाण ज्यांनी पाळ्यांत काढली, त्यांचे शरीर निवृत्तीनंतरही रात्रीला रात्र मानायला वेळ घेते. चेन्नईतल्या ४५२ गरीब कामकऱ्यांचा २०२१ साली प्रसिद्ध झालेला प्रयोग तर डोळे उघडणारा आहे. ही माणसे रात्री आठ तास अंथरुणात असत, पण झोप साडेपाच तासच भरे. उशा, पंखे, डोळ्यांवरच्या पट्ट्या आणि पैशाचे आमिष देऊन झोप रोज २७ मिनिटांनी वाढली, पण कामात, कमाईत किंवा मनःस्थितीत म्हणावा असा फरक पडला नाही. फरक पडला तो दुपारच्या अर्ध्या तासाच्या शांत झोपेने. माझ्या मते याचा अर्थ असा की तुटक झोपेत आणखी तास ओतून फारसे साधत नाही. निद्रानाशावरच्या आजच्या मान्य उपचारात तर अंथरुणातला वेळ मुद्दाम कमी करतात, म्हणजे उरलेली झोप सलग होते. म्हाताऱ्याला ‘लवकर पड’ म्हणणारे घर त्याच्यावर उपकार करत नसते.

दुपारच्या झोपेचा विषय निघालाच आहे तर चरकाचे ऋण मान्य केले पाहिजे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातला एकविसावा अध्याय अतिस्थूल आणि अतिकृश माणसांवर आहे, आणि त्याच अध्यायात निद्रेचे विवेचन येते. लठ्ठपणा व कृशता या दोन्ही गोष्टी झोप आणि आहार यांतून उद्भवतात, असे तिथे स्पष्ट म्हटले आहे. उन्हाळा सोडून इतर ऋतूंत दिवसा झोपू नये असे सांगताना वृद्ध, अशक्त, श्रमाने थकलेले यांना त्यातून सूट दिली आहे. अर्थात, एवढ्यावरून सारे विज्ञान आपल्याकडे आधीच होते असा डांगोरा पिटण्याचे कारण नाही. चरकाने स्नायूप्रथिनांचा वेग मोजलेला नव्हता. पण झोप, वजन आणि ताकद ही एकत्रच पाहायची असतात हे ज्या परंपरेला कळत होते, तिच्या वारसांनी त्यांची तीन वेगळी दुकाने करून टाकावीत हे नवल आहे. जेवणानंतर अर्धा तास वामकुक्षी घ्यावी. दुपारी दोन ते पाच घोरून मग रात्री दोनला छत बघत बसणे ही वामकुक्षी नव्हे.

आहाराबद्दल थोडक्यात, कारण त्याशिवाय ना व्यायाम अंगी लागतो ना झोप. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशीप्रमाणे दर किलो वजनाला रोज ०.८३ ग्रॅम प्रथिने हवीत. वृद्धांसाठी तज्ज्ञ १ ते १.२ ग्रॅम सांगतात, म्हणजे ५० किलोच्या आजीला ५० ते ६० ग्रॅम. तिच्या ताटात दिवसाला ३०० ग्रॅम तांदळाचा भात आणि मूठभर डाळीचे पातळ वरण असेल तर सगळे मिळून तिशीच्या आसपासच पोचते. बालाघाटच्या चिन्नोर तांदळाला २०२१ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले याचा आनंद आहेच, पण सुवास कितीही असला तरी तांदळातली प्रथिने सातेक टक्केच. वरण घट्ट करावे, दूध, अंडे, हरभरा, चालत असेल तर मासळी वाढवावी, आणि हे सगळे रात्री एकदम न वाढता तिन्ही वेळांना वाटून द्यावे.

झोपेच्या गोळ्यांवर मला कठोर बोलावे लागेल. त्यांतल्या बहुतेक गोळ्यांनी वृद्धांत तोल जाणे, पडणे आणि खुब्याचे हाड मोडणे वाढते, हे वारंवार सिद्ध झाले आहे, आणि अमेरिकेतल्या वृद्धवैद्यक संघटनेच्या टाळावयाच्या औषधांच्या यादीत त्या वर्षानुवर्षे आहेत. ज्याचे स्नायू आधीच उणे, त्याला रात्री लघवीला उठताना गुंगीत चालायला लावणे म्हणजे काय ते वेगळे सांगायला नको. गोळी आधीच चालू असेल तर ती मनाने एकदम तोडू नये, तेही धोक्याचे. डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळू उतरवावी.

राहता राहिला प्रश्न हे सारे करणार कोण. गोंदियाला किंवा नागपूरला तज्ज्ञाकडे जाणे प्रत्येकाला परवडत नाही, आणि जायची गरजही नाही. आशा कार्यकर्ती घरोघरी जो तपासणी फॉर्म भरते त्यात कमरेचा घेर आहे, आणि साठीपुढच्यांना उभे राहताना किंवा चालताना तोल जातो का, हा प्रश्नही आहे. म्हणजे टेप तिच्या हातात असते आणि विचारण्याचा अधिकारही. त्याच टेपने पिंढरी मोजायला अर्धे मिनिट लागते. खुर्ची प्रत्येक अंगणवाडीत आहे, आणि सेकंद मोजणारा मोबाइल तिच्या पिशवीत. पाच वेळा उठायला किती सेकंद लागले, गेल्या वर्षी किती लागले होते, रात्री किती वेळा जाग येते आणि दिवसा किती तास पडून असता, एवढे चार आकडे वजनाच्या शेजारी लिहिले, तर आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरला कोणाला घोरण्याच्या तपासणीला पाठवायचे, कोणाची उदासी विचारायची आणि कोणाला नुसते खुर्चीतून सकाळ-संध्याकाळ दहा-दहा वेळा उठायला सांगायचे, हे त्याच कागदावरून ठरवता येईल.